जड गाडीला जाड स्टॅबिलायझर बार बसवताय? गोव्याच्या रस्त्यांवर या चुका टाळा

पावसाळा ओसरला की आमच्या गॅरेजच्या रॅम्पवर एक ठरलेली तक्रार येते. गाडी बहुतेक वेळा सात सीटर, मालक वाळपईचा नाहीतर फोंड्याचा, आणि डिकीत ऑनलाइन मागवलेला लांबलचक खोका. "भाऊ, चोर्ला घाटाच्या वळणावर गाडी फार झुकते. हा बार बसवून द्या, म्हणजे गाडी रस्त्याला चिकटेल."

गाडी झुकते हे खरं. बार बसवला की झुकणं कमी होईल हेही खरं. पण रस्त्याला चिकटण्याचं काम टायरचं आहे, बारचं नाही. हा फरक लक्षात न घेता केलेल्या खरेदीतूनच पुढच्या बहुतेक चुका होतात, म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

स्टॅबिलायझर बार, म्हणजेच स्वे बार किंवा अँटी-रोल बार, ही इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंग स्टीलची दांडी असते. मधला भाग दोन बुशांत (रबरासारख्या मऊ गादीत) धरून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, किंवा सबफ्रेमला बसवलेला असतो आणि दोन्ही टोकं लिंकने, म्हणजे छोट्या जोडदांडीने, डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात, तेव्हा बार बुशांत नुसता फिरतो. वळणावर बाहेरची बाजू दबते, आतली सुटते, तेव्हा तो पिळला जातो आणि झुकण्याला विरोध करतो.

आता हिशोब बघा. गाडी २,००० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमीवर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १५५ सेंमी. वळणावर बाजूचा जोर गाडीच्या वजनाच्या निम्मा आला, तर साधारण ४५० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. आतल्या दोन चाकांवर ५५० किलो उरतात, बाहेरच्या दोन चाकांवर १,४५० होतात. बार कितीही जाड घातलात तरी ही बेरीज जवळपास तीच राहते. बार ठरवतो ते एवढंच, की या ४५० किलोंपैकी पुढच्या जोडीने किती उचलायचे आणि मागच्या जोडीने किती. आणि टायरवर भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या टोकाला तुम्ही बार कडक करता, त्या टोकाची एकूण पकड घटते. पुढचा बार कडक केला की नाक वळणाबाहेर सरकायला लागतं, मागचा कडक केला की शेपूट.

पहिली चूक: झिजलेल्या सस्पेन्शनवर नवा बार

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. गेल्या हंगामात आलेली एक गाडी सांगतो. पुढचं चाक काढलं, लिंक मुठीत धरून हलवली. बॉल जॉइंट कट्-कट् वाजला. रबरी टोपी फाटलेली होती. ती दाबल्यावर आतून ग्रीस आलंच नाही, तांबडं पाणी गळलं. चिऱ्याची माती आत जाऊन बॉल घासून निघाला होता. म्हणजे कंपनीने दिलेला बारच काम करत नव्हता. गाडी थोडी झुकेपर्यंत लिंकमधली ढिलाई भरून निघायची, मग कुठे बार पिळायला लागायचा. दोन लिंक आणि दोन बुश बदलले, मालक गाडी फिरवून आला आणि म्हणाला, "खोका परत पाठवतो."

म्हणून बार मागवण्याआधी क्रमाने बघा. टायरची हवा दरवाजाच्या चौकटीवरल्या स्टिकरप्रमाणे आहे का, तीही भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे? टायर किती जुने? मग लिंक, बारचे बुश, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश आणि शेवटी शॉक अब्सॉर्बर. शॉकमधून तेल झिरपत असेल तर गाडी वळणात एकदम कलते आणि वळण संपल्यावर आणखी एकदा डुलते. हे दुसरं डुलणं शॉकचं लक्षण आहे, बार त्याला काही करू शकत नाही.

टपावरचा कॅरियरही विसरू नका. चवथीला घरची सगळी मंडळी आत आणि माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान वर, अशी गाडी झुकणारच. टपावरचे पन्नास किलो आणि सीटखालचे पन्नास किलो यांचा परिणाम सारखा नसतो.

दुसरी चूक: "जड गाडी, म्हणून सगळ्यात जाड बार"

बारची ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. २४ मिमीचा बार काढून २७ मिमीचा घातला तर तो १२ टक्क्यांनी जाड होतो, पण कडकपणा ६० टक्क्यांनी वाढतो. खोक्यावर लिहिलेले दोन-तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, गाडीला तसे वाटत नाहीत.

पोकळ बारचं गणित वेगळं आहे. बाहेरून ३० मिमी आणि ४ मिमी जाडीच्या भिंतीचा पोकळ बार हा साधारण २७.५ मिमीच्या भरीव बाराइतकाच कडक असतो, वजन मात्र जेमतेम ५५ टक्के. तेव्हा पोकळ आणि भरीव यांची तुलना बाहेरच्या मापाने करू नका. टोकाच्या हाताची लांबीही मोजावी लागते, कारण हात आखूड असेल तर तोच बार जास्त कडक लागतो. लिंक कुठे जोडली आहे, स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉकच्या खांबाला) की लोअर आर्मवर मध्येच, यानेही फरक पडतो. म्हणून मित्राच्या वेगळ्या मॉडेलवर २८ चा छान चालला, तर तुमच्यावरही चालेल, असं होत नाही.

शिवाय जड गाडी झुकतेच असं नाही. बॅटरीवरच्या गाड्या जड असतात, पण बॅटरी फरशीखाली असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो आणि त्या वजनाच्या मानाने कमी कलतात. उंची आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि झुकण्यात उंचीचा वाटा मोठा असतो.

तिसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याची: पुढचा की मागचा हे न ठरवता खरेदी

बार निवडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझी गाडी वळणात कुठून आधी सुटते? पुढची चाकं ओढणाऱ्या जड गाड्या साधारणपणे नाकाने बाहेर जातात. स्टिअरिंग जास्त वळवावं लागतं, पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा आधी झिजतात. अशा गाडीला मागचा बार थोडा कडक केला की नाक आत यायला लागतं. पुढचाच आणखी जाड केला तर गाडी दिसायला सपाट राहील, पण वळायला आणखी आळशी होईल. चोर्ल्याच्या तीव्र चढाच्या वळणावर आतलं पुढचं चाक हलकं होऊन जागीच फिरायला लागेल ते वेगळंच.

मागची चाकं ढकलणाऱ्या उंच एसयूव्हीला मात्र मागे जाड बार घालायची घाई करू नका. कोरड्या रस्त्यावर ती मजेदार लागेल. पण आपल्याकडे वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आणि मोल्यावरून अनमोड घाट चढताना रस्त्यावर शेवाळ, ट्रकमधून सांडलेलं तेल आणि झाडांखालचा ओला पाला एकाच वळणात भेटतात. तिथे शेपूट सुटणं म्हणजे समोरच्या ट्रकखाली जाणं. अशा गाडीला बदल करायचाच तर पुढे-मागे प्रमाणात करा आणि थोडाच करा. कुणी एकट्या मागच्या बारचा आग्रह धरला तर मी स्पष्ट नाही म्हणतो.

गाडीत ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की संगणकाने एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, असेल तर आणखी एक गोष्ट. १९९७ साली स्वीडनमधल्या एका वाहन मासिकाच्या चाचणीत मर्सिडीझची ए-क्लास अचानक वळवताना उलटली. कंपनीने गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि ईएसपी (ईएससीचंच दुसरं नाव) सगळ्या ए-क्लासमध्ये दिलं. सस्पेन्शन आणि तो संगणक एकमेकांना जुळवूनच दिलेले असतात. तुम्ही फक्त बार बदललात, तर संगणकाला ते माहीत नसतं.

चौथी चूक: खड्ड्यांचा विचार न करणं

बार डाव्या चाकाला उजव्याशी बांधतो. एकच चाक खड्ड्यात गेलं की त्याचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो. पाइपलाइनसाठी एका कडेने खणून अर्धवट बुजवलेले आपले रस्ते आठवा. तिथे कडक बारची उंच गाडी डोकं डावीकडे-उजवीकडे आपटवते. मागे बसलेल्या आजीला विचारा, ती लगेच सांगेल. केपे-सांग्याकडच्या कच्च्या रस्त्यावर, किंवा दिवाडीच्या फेरीबोटीत तिरकं चढताना, एक चाक वर आणि एक खाली राहणं गरजेचं असतं. रिजिड अ‍ॅक्सलच्या (डावं-उजवं चाक एकाच सलग दांड्यावर असलेल्या) ऑफ-रोड गाडीला जाड बार घातला तर नेमकी हीच मोकळीक जाते. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सोडवायची सोय आहे ती याच कारणासाठी.

बसवतानाच्या चुका

लिंकचे नट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना शेवटचे आवळू नयेत. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर आणि गाडीचा भार चाकांवर असताना आवळा, म्हणजे बारमध्ये आधीच पीळ राहत नाही. तपासायला सोपं आहे: सपाट जागी गाडी उभी करून एका बाजूची लिंक सोडवा. बोल्ट हाताने सहज आत-बाहेर झाला तर ठीक. ठोकावा लागला तर पीळ आहे आणि लांबी बदलता येणारी लिंक लागेल.

अ‍ॅडजस्टेबल बारला टोकाला दोन-तीन भोकं असतात. सर्वात बाहेरच्या, म्हणजे मऊ भोकापासून सुरुवात करा, आणि दोन्ही बाजूंना तेच भोक ठेवा. एका वेळी एकच बदल करा. बार, टायर आणि अलाइनमेंट एकाच दिवशी बदलले तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

पॉलियुरेथेनचे बुश असतील तर त्यांना सिलिकॉन ग्रीस किंवा सोबत आलेलंच ग्रीस लावा. रबरी बुशांना साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका, रबर फुगून मऊ पडतं. जाड बारने ब्रॅकेट आणि सबफ्रेमवर जोर वाढतो, तेव्हा बोल्टची जागा गंजलेली असेल तर काम तिथेच थांबवा. आणि बार बसत नाही म्हणून त्यावर वेल्डिंग किंवा गॅसने गरम करून वाकवणं कुणालाही करू देऊ नका. स्प्रिंग स्टीलचं टेम्परिंग (तापवून दिलेला चिवटपणा) जातं आणि तो एक दिवस चालत्या गाडीत तुटतो. किनाऱ्यालगत राहत असाल तर रंगाचे टवके उडालेली जागा वरचेवर बघा. खाऱ्या हवेत तिथे गंजाचे खळगे पडतात आणि तडा तिथूनच जातो.

बसवल्यावर काही खटकलं तर

हळू वेगात छोट्या खाचांवर खट-खट वाजत असेल तर आधी लिंकचे नट बघा, मग बॉल जॉइंट. जाड बारने कंपनीच्या बारीक लिंक लवकर संपतात. चूं-चूं असा कोरडा आवाज आला तर तो पॉलियुरेथेनचा बुश आहे. पावसात ग्रीस धुऊन गेलं की तो बोलायला लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ठक् वाजलं तर बार ड्राइव्ह शाफ्टला, पाइपला किंवा सायलेन्सरला लागतो आहे. ही गाडी रस्त्यावर नेऊ नका, दोन्ही टोकांना स्टिअरिंग फिरवून आणि चाकं लोंबकळत ठेवून अंतर बघा. नाक बाहेर जायला लागलं तर पुढचा बार एक भोक मऊ करा. ओल्या रस्त्यावर शेपूट जराशी जरी सुटल्यासारखी वाटली, तर मागचा जुना बार त्याच दिवशी परत घाला. म्हणूनच काढलेला कंपनीचा बार भंगारात देऊ नका, बुशांसकट जपून ठेवा.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. तुमचा बदल त्यात बसतो का, हे आरटीओत आधीच विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर फाइलला लावा. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरकडूनही लेखी घ्या. तोंडी "चालेल हो" क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा रॅम्पवर आणा. लिंकचे नट आणि बुशचे क्लॅम्प टॉर्क रेंचने तपासायचे, बारवर कुठे घासल्याची चमक दिसते का ते बॅटरीच्या उजेडात बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्या पावसाआधी तेच एकदा पुन्हा करा.