विधानं आणि निष्कर्ष: किनारपट्टीवरच्या नव्या परीक्षार्थींसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेली मुलं गणिताला घाबरतात आणि विधान-निष्कर्षाला सोपं समजतात. मी स्वतः तयारी केली, आता संध्याकाळी अभ्यासिकेत नव्या मुलांबरोबर बसते. माझा अनुभव याच्या उलट आहे. गणितात अडलं की लगेच कळतं. निष्कर्षाच्या प्रश्नात चुकीचा पर्यायही शेवटपर्यंत बरोबरच वाटत राहतो, आणि यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, तर चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण जातात.

मुळात विचारलेलं काय असतं ते पक्कं करा. निष्कर्ष खरा आहे का, हा प्रश्नच नसतो. दिलेली विधानं खरी मानली तर निष्कर्ष खरा असलाच पाहिजे का, एवढंच विचारलेलं असतं. इथेच आपल्याकडची मुलं फसतात, कारण त्यांना माहिती जास्त असते.

समजा उतारा असा आहे: ‘कोकणात पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. तरीही अनेक वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरने पाणी पुरवावं लागतं.’ एक पर्याय म्हणतो, जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही म्हणून टंचाई होते. दुसरा म्हणतो, भरपूर पाऊस पडला म्हणजे उन्हाळ्यात पाणी पुरेलच असं नाही. लांज्याच्या किंवा संगमेश्वरच्या मुलाचा हात पहिल्या पर्यायाकडे जातो. त्याने ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं: पाणी जांभ्यातून झिरपून जातं, सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचं अंतर थोडं आणि उतार तीव्र, वहाळ लवकर आटतात. सगळं खरं. पण उताऱ्यात जांभ्याचं नावसुद्धा नाही. दुसरा पर्याय अगदीच साधा वाटतो, आणि तोच बरोबर आहे. साधा वाटला म्हणून पर्याय सोडू नका.

‘जर-तर’ची विधानं वेगळा वेळ देऊन घोटा. ‘जर बंदरावर तीन नंबरचा बावटा असेल, तर होड्या समुद्रात जात नाहीत.’ आता होड्या बंदरातच उभ्या आहेत. बावटा लागलाय का? सांगता येत नाही. जून-जुलैची मासेमारी बंदी असेल, खलाशी गावी गेले असतील, डिझेल नसेल. बावटा नाही, म्हणजे होड्या गेल्या असतील का? तेही सांगता येत नाही. एखादी होडी समुद्रात गेली आहे असं दिलं, तर मात्र बावटा नव्हता हे ठाम सांगता येतं. एका ‘जर-तर’मधून एवढीच एक उलटी वाट निघते. पर्यायांत बाकीच्या दोन फसव्या वाटा हमखास मांडलेल्या असतात.

‘फक्त’ आणि ‘केवळ’ हे शब्द दिसले की पेन थांबलं पाहिजे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. ‘मानांकित हापूस केवळ या पाच जिल्ह्यांतला असतो’ यावरून ‘या पाच जिल्ह्यांतला प्रत्येक आंबा मानांकित हापूस असतो’ असं निघत नाही. पायरी आणि रायवळ याच मातीत पिकतात.

आता निष्कर्ष तपासायचा कसा? तो सिद्ध करत बसू नका, पाडायचा प्रयत्न करा. ‘सर्व गलबतं लाकडी आहेत. काही लाकडी वस्तू सावंतवाडीत बनतात. निष्कर्ष: काही गलबतं सावंतवाडीत बनतात.’ सावंतवाडीत बनणाऱ्या त्या लाकडी वस्तू म्हणजे सगळी खेळणीच, असं चित्र काढा. दोन्ही विधानं शाबूत राहिली आणि निष्कर्ष पडला. असं एक चित्र सापडलं की पुरे, तो निघत नाही. आता ‘सावंतवाडी’च्या जागी ‘मालवण’ हे बंदराचं गाव लिहा. निष्कर्ष लगेच पटायला लागतो! पण सांगाडा तोच आहे, त्यामुळे तो आताही निघत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, नावं खोडा आणि अ, ब, क लिहा. या अ, ब, क गटांची वर्तुळंही दोनदा काढा: एकदा जमेल तितकी एकमेकांत घुसवून, एकदा जमेल तितकी दूर ठेवून. दोन्हींत टिकला तरच निष्कर्षावर खूण करायची.

‘काही’चा अर्थ ‘निदान एक’ एवढाच. ‘काही मच्छीमार बागायतदार आहेत’ यावरून ‘काही मच्छीमार बागायतदार नाहीत’ हे निघत नाही. सगळेच असू शकतात. बँकेच्या परीक्षेत ‘फक्त काही’ असं आलं तर मात्र दोन्ही बाजू धरायच्या. आणखी एक संकेत: आधुनिक तर्कशास्त्र ‘सर्व अ ब आहेत’ यावरून एकतरी अ आहे असं मानत नाही, पण बँकेचे पेपर मानतात. तिथे ‘काही ब अ आहेत’ बरोबर धरलं जातं. हा वाद परीक्षेच्या हॉलमध्ये नेऊ नका.

गृहीतकाचा प्रश्न वेगळा, तो निष्कर्षात मिसळू नका. ‘दापोलीहून गुहागरला लवकर जायचं तर दाभोळची फेरीबोट धर.’ फेरी सुरू आहे, हे इथे गृहीतक. ते नाकारून बघा, सल्लाच कोसळतो. निष्कर्ष विधानानंतर येतो, गृहीतक विधानाच्या आधीपासून तिथे असतं.

बँकभरतीसाठी आयबीपीएस घेते त्या क्लार्क पूर्व परीक्षेत तर्कक्षमतेचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, त्यामुळे वेगही हवाच. पण पहिले काही महिने घड्याळ बाजूला ठेवा. लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका संकेतस्थळावर मिळतात, त्याच घ्या. क्लासच्या नोट्समधली उत्तरं कधीकधी एकमेकांशी जुळत नाहीत. बरोबर उत्तर मिळालं तरी उरलेल्या तीन पर्यायांपुढे कारण लिहा: ‘उलटं केलंय’, ‘बाहेरची माहिती’, ‘विधानापेक्षा जास्त बोललंय’. बहुतेक चुकीचे पर्याय या तिघांतच बसतात. जो बसणार नाही, तो दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत घेऊन या आणि दोघा-तिघांत मोठ्याने भांडून सोडवा.