गुन्ह्यानंतर सोबतीला जाताना

माझा हात मोडला त्या रात्री मी एकच हकीकत सात वेळा सांगितली. रस्त्यात मदतीला थांबलेल्या जोडप्याला, दवाखान्यात नाव लिहून घेणाऱ्याला, जखम धुणाऱ्या परिचारिकेला, डॉक्टरांना, पोलीस ठाण्यात दाराशी बसलेल्याला, मग आत तक्रार लिहून घेणाऱ्याला, आणि मध्येच त्यांची पाळी संपली म्हणून त्यांच्या जागी आलेल्यांना. "पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले. प्रत्येक वेळी हल्ला करणारा तो माणूस माझ्या पाठीमागून पुन्हा आला.

आठव्या बाई आल्या त्यांनी काय झालं हे विचारलंच नाही. "दिवा डोळ्यांवर येतोय का? इथेच बसू या की खिडकीपाशी?" मी खिडकी म्हणाले. संध्याकाळपासून माझ्यासाठी सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं होतं, आधी त्या हल्लेखोराने आणि मग मदत करणाऱ्यांनी. एवढी एकच गोष्ट मी ठरवली. त्या बाई गुन्ह्याची झळ बसलेल्यांना सोबत करणाऱ्या एका सहायता केंद्राच्या कार्यकर्त्या होत्या. गेली तेरा वर्षं मीही तेच काम करते आहे, आणि नातेवाईक, शेजारी, मित्र म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येते त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सोबतीला जाण्यासाठी पदवी लागत नाही. मात्र काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे माहीत असावं लागतं.

पोहोचल्यावर आधी नीट बघून घ्या. जागा सुरक्षित आहे का, जखम कुठे आहे, अंगावर पुरेसं पांघरूण आहे का, घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस एकटं राहिलंय का. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारावर एक पुस्तिका काढली, तिचं सूत्र तीन शब्दांचं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. त्यात "बोलतं करा" असं कुठेही नाही. मन मोकळं केलं की बरं वाटतं, या समजापायी आपण माणसाला खोदून खोदून विचारतो. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. अभ्यास झाले तेव्हा तिने पुढचा मानसिक त्रास टळत नाही असं दिसलं, आणि काहींना तर ती बाधलीच. तेव्हा बोलले तर ऐका. गप्प बसले तर शेजारी गप्प बसा.

शब्द थोडेच पुरतात. "मी इथे आहे." "तुमची चूक नाही." "आत्ता काय हवंय?" याउलट "ओरडली का नाहीस?", "एवढ्या रात्री कशाला गेलात?", "देवाची कृपा, जिवावरचं बोटावर निभावलं" हे तोंडातून निघू देऊ नका. ओरडता न येणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे. भीतीच्या टोकाला हातपाय आणि आवाज गोठतात, त्यावर कुणाचीही इच्छा चालत नाही. आठवणीही तुकड्यातुकड्यांनी येतात. चपलेचा रंग लख्ख आठवतो आणि आधी काय, नंतर काय हे आठवत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस खोटं बोलतोय. तो खोटं बोलत नसतो.

काही गोष्टींना मात्र घड्याळ असतं आणि तिथे सोबत करणाऱ्याने डोकं थंड ठेवायचं असतं. लैंगिक अत्याचार झाला असेल तर एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी १२० तासांपर्यंत देता येते, पण तीही लवकर घेतलेलीच अधिक उपयोगी. तपासणीआधी अंघोळ न केलेली बरी. केलीच असेल तरी जायचंच. कपडे धुवायचे नाहीत, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवायचा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि पुरावा खराब होतो. पण हे सांगताना हुकूम सोडू नका. "असं केलं तर पुढे तक्रारीचा मार्ग मोकळा राहील, ठरव तू" एवढंच म्हणा. उपचार घेणं आणि तक्रार करणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, दोन्ही तिचेच.

मारहाणीचे वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठून दिसतात, म्हणून फोटो पुन्हा काढा. फोनवरून फसवणूक झाली असेल तर रडणं, चिडणं सगळं बाजूला ठेवून आधी बँकेला कळवा, मग संदेशांचे स्क्रीनशॉट काढा, आणि लाजेपोटी काहीही पुसू देऊ नका. एका आजोबांनी मुलांना कळू नये म्हणून अख्खं संभाषण काढून टाकलं होतं. पैशांपेक्षा त्यांना त्या लाजेनेच जास्त पोखरलं. फसलेल्या माणसाला "तुम्ही कसे काय फसलात?" विचारणं म्हणजे त्याच्यावर दुसरा घाव घालणं.

आता वहीबद्दल, कारण माझ्या मते सोबतीचं निम्मं काम तीच करते. साधी, शंभर पानी, वर काहीही न लिहिलेली. पहिल्या पानावर तक्रारीचा क्रमांक आणि तारीख. मग प्रत्येक भेटीला एक पान: कोणत्या तारखेला कुणाला भेटलो, त्यांचं पद, फोन, ते काय म्हणाले, कधीपर्यंत करतो म्हणाले. मागच्या बाजूला एक पाकीट चिकटवा आणि त्यात जबाबाची प्रत, जखमांचा दाखला, औषधांच्या आणि प्रवासाच्या पावत्या ठेवा. नव्या कचेरीत कुणी "पहिल्यापासून सांगा" म्हणालं, की सोबत करणाऱ्याने ती प्रत पुढे करायची आणि नम्रपणे म्हणायचं, "आधी एवढं वाचून घ्या, जे राहिलं असेल तेवढंच विचारा." दर वेळी ऐकतीलच असं नाही. पण ऐकतात, मी कितीदा तरी पाहिलंय, आणि खुर्चीतल्या माणसाचे खांदे तेवढ्यानेही खाली येतात. दोन पथ्यं पाळा. वही पीडित व्यक्तीकडेच राहिली पाहिजे, तुमच्या पिशवीत नाही. आणि घटनेचं वर्णन त्यात तुमच्या शब्दांत लिहू नका. तो मजकूर पुढे न्यायालयात पोहोचला तर एखाददुसऱ्या शब्दाच्या फरकावरून तिलाच खोटं ठरवायचा प्रयत्न होऊ शकतो.

नुकसानभरपाईची चौकशी पहिल्या आठवड्यातच करा. अर्जाला मुदत असते, आणि ती ठिकाणागणिक बदलते. बरीच माणसं हा अर्ज करतच नाहीत, भीक मागितल्यासारखं वाटतं म्हणतात. म्हणून मी त्यांना थोडा इतिहास सांगते. न्यूझीलंडने १९६३ मध्ये गुन्ह्यात जखमी झालेल्यांना सरकारने भरपाई देण्याचा कायदा केला. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात स्वयंसेवकांनी पीडितांच्या घरी जाऊन मदत करण्याची योजना सुरू केली. २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जाहीरनामाच काढला: पीडिताला सन्मानाने वागवावं, त्याला खटल्याची माहिती मिळावी, आणि गुन्हेगाराकडून पुरेशी भरपाई होत नसेल तर राज्यांनी ती देण्याचा प्रयत्न करावा. कितीतरी लोकांनी भांडून मिळवलेली ही गोष्ट आहे. मान खाली घालून मागायची नाही.

लहान मुलाने काही सांगितलं, तर "कोणी? कुठे? किती वेळा?" अशी फैर झाडू नका. "सांगितलंस ते फार बरं केलंस, तुझं काही चुकलेलं नाही" म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याचेच शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवून प्रशिक्षित माणसाकडे न्या. मुलाला जितक्यांदा विचारावं तितकं त्याचं उत्तर गढूळ होत जातं.

घरातूनच हिंसा होत असेल तर "आजच्या आज बाहेर पड" हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी धोक्याचा आहे. नातं तोडून निघण्याची वेळ हीच बहुधा सर्वांत जोखमीची असते. तिचा फोन तो तपासत असू शकतो, म्हणून कोणत्या वेळी बोलणं सुरक्षित आहे हे आधी तिला विचारा, आणि निघायचा बेत या विषयातल्या जाणकार केंद्राबरोबर बसून आखा. ती परत गेली तर रागावू नका. दार उघडं आहे, एवढं तिला ठाऊक असू द्या.

पहिले काही आठवडे झोप न येणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे होतंच, आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. झोपेसाठी किंवा चिंतेसाठी हाताशी असलेली गोळी कुणाला देऊ नका. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासावर बेंझोडायझेपिन गटातली (झोप आणणारी, चिंता दाबणारी) औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१३ चं मार्गदर्शन आहे. महिना उलटूनही त्रास तसाच राहिला, कामावर जाणं, माणसांत मिसळणं जमेनासं झालं, तर आघातावरचे उपचार शिकलेल्या तज्ज्ञाकडे न्या. त्यावर चांगले उपचार आहेत. आणि "जगावंसं वाटत नाही" असं काही कानावर आलं, तर आडून आडून नको, सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

न्यायालयाची तारीख लागली की शक्य झाल्यास आदल्या दिवशी रिकामं दालन दाखवून आणा. साक्षीदार कुठे उभा राहतो, आरोपी कुठे बसतो, बाहेर पडायचं दार कोणतं. आरोपीची माणसं दिसणार नाहीत अशी वेगळी बसायची जागा आधीच मागून घ्या. साक्षीची तालीम मात्र चुकूनही करून घेऊ नका, त्याने खटल्याचं नुकसान होतं. तारीख पुढे जाईल हेही आधीच सांगून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने तीनदा मन घट्ट केलं आणि तिन्ही वेळा तारीख पुढे गेली. चौथ्या वेळी तो येणार नाही म्हणाला. मी त्याला समजावलं नाही, फक्त म्हटलं, "बरं, मी दाराशी आहे, दहापर्यंत थांबते." पावणेदहाला तो आला. आला नसता तरी मी त्याला दोष दिला नसता.

पहिले पंधरा दिवस घरात माणसं मावत नाहीत. तिसऱ्या महिन्यात फोनही वाजत नाही. तुमची खरी गरज तेव्हा असते. स्वतःला जड झालं तर केंद्रातल्या दुसऱ्या कुणाला पाठवा, पण न सांगता गायब होऊ नका. घटनेची तारीख तुमच्याकडेही लिहून ठेवा. वर्षाने ती परत येते, आणि त्या माणसाला वाटतं की जगात ती आपल्या एकट्यालाच आठवते आहे. सकाळीच फोन करा: "आजची तारीख माझ्या लक्षात आहे. येऊ का, की एकटं राहायचंय?" आणि नको म्हणाले, तर जाऊ नका.