रद्दीचा लगदा, कांद्याच्या सालींचा रंग

रद्दीपासून रंगीत हातकागद करायचा तर एका बाजूने छापलेले ए-फोर कागद सर्वांत चांगले. वीस कागद म्हणजे साधारण १०० ग्रॅम, आणि त्यातून जाडसर ए-फाइव्ह आकाराची पंचवीसेक पानं निघतात. गुळगुळीत मासिकं आणि दुकानाच्या थर्मल पावत्या बाजूला काढा. स्टेपलच्या पिनाही न विसरता काढा, नाहीतर मिक्सरचं पातं जाईल.

कागदाचे बोटभर तुकडे रात्रभर भिजवा. लिटरभर पाण्यात मूठभर तुकडे घेऊन मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, एकूण वीस-तीस सेकंद. जास्त फिरवलं की तंतू तुटतात आणि पान कच्चं होतं.

रंग लगद्यालाच द्या. तयार पानावर ओतला तर डाग पडतात. कांद्याची ४० ग्रॅम कोरडी सालं लिटरभर पाण्यात पाऊण तास मंद उकळून गाळा. पिळलेल्या लगद्यात गरम पाण्यात विरघळवलेली १० ग्रॅम तुरटी घाला. छपाईच्या कागदात बहुधा खडू असतो, त्यामुळे फेस येऊ शकतो. भांडं मोठं घ्या. फेस बसला की रंग ओतून रात्रभर ठेवा, सकाळी गाळून एकदा धुवा. जास्वंदीचा लाल या खडूमुळेच निळसर-करडा पडतो. बीट आणि हळद पहिल्या दिवशी सुरेख दिसतात, पण उजेडात उडतात. वहीच्या मुखपृष्ठाला तर नकोच.

पसरट टबात आठ-दहा लिटर पाणी घेऊन लगदा सोडा. प्रत्येक पानाआधी हाताने ढवळा, तो तळाशी बसतो. जाळीची चौकट तिरकी बुडवा, आडवी करून सरळ वर उचला आणि पाणी निथळेपर्यंत एकदाच मागेपुढे, डावी-उजवीकडे हलवा. थेंब मंदावले की ओल्या सुती कापडावर उलटी दाबा. पान जाळीलाच चिकटून राहिलं तर मागून स्पंजने पाणी टिपा. भोकं पडली तर लगदा पातळ आहे, मूठभर वाढवा.

पानं कापडासकट फळ्यांमध्ये तासभर दाबून सावलीत वाळवा. उन्हात कडा वळतात.

आता शाईचा प्रश्न: असा कागद टीपकागदासारखी शाई पितो. १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर ३०० मिली पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि ही खळ कोरड्या पानाच्या दोन्ही बाजूंना ब्रशने पातळ लावा. वाळल्यावर कोमट इस्त्री फिरवा, कापड मध्ये ठेवूनच.