प्रेमभंगानंतर शांत संगीत ऐकताय? मग या चुका टाळा

प्रेम मोडलं की जो तो सांगतो, "शांत संगीत लाव, बरं वाटेल." मलाही सांगितलं होतं. त्या दिवसांत मी रोज फोंड्याहून बसने पणजीला जायचे, आणि म्हार्दोळ ते बाणस्तारीचा पूल एवढ्या वाटेत कानात बासरी लावून रडून घ्यायचे. बासरीचा काही दोष नव्हता. माझंच ऐकणं चुकत होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'आपल्या दोघांची' गाणी. चाल कितीही मंद असो, कान सूर ऐकतात आणि मन मिरामारच्या त्या संध्याकाळी जाऊन बसतं. ती यादी पुसून टाका असं मी म्हणत नाही, नंतर पस्तावाल. फोनमध्ये नजरेआड ठेवा, सहा महिन्यांनी बघू. तोवर ज्याला कुणाचाच चेहरा चिकटलेला नाही असं काही निवडा. मी संतूर निवडलं, कारण त्याला संतूर अजिबात आवडत नसे. कारण फारसं उदात्त नाही, पण चाललं.

दुसरी चूक शब्दांची. सूर शांत म्हणून शब्दही शांत असतील असं नाही. आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. तो आवाज ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण बंदिशीची सुरुवातच 'जात कहां हो' अशी! ज्याचं माणूस नुकतंच उठून गेलंय, त्याने रात्री अकरा वाजता हे कशाला ऐकावं? बागेश्रीतही वाट पाहणाऱ्या नायिका पुष्कळ भेटतात. पहिले काही आठवडे शब्दांविना असलेलं वादन बरं. अगदी नुसता तानपुरासुद्धा चालतो.

"शांत संगीत लावलं की उलट चीडच येते" ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. साहजिक आहे. छातीत धडधड चाललेली आणि कानात विलंबित आलाप, मेळ बसणार कसा? संगीतोपचार करणारे आधी मनाच्या त्या वेळच्या गतीला जुळेल असं काही ऐकवतात आणि मग लय हळूहळू उतरवत नेतात. घरीही हे जमतं. मी सुरुवातीला आपल्या गोव्याकडची घुमट आरती लावायचे. मातीचं घुमट, शामेळ हा ढोल, कांसाळे म्हणजे झांजा, सगळा दणका. मग मध्यलयीतली एखादी गत, आणि शेवटी मिनिटाला साठ-सत्तर ठोक्यांचं काहीतरी. वीस-पंचवीस मिनिटांत खांदे सैल पडायचे. थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली की फसायचं.

फोनचा त्रास वेगळाच. फुकटच्या अ‍ॅपवर आलाप रंगात आला की मध्येच कर्कश जाहिरात सुरू होते. म्हणून आधीच उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका. त्याचा दुसरा फायदा असा की ती व्यक्ती ऑनलाइन आहे का, हे दर दोन मिनिटांनी बघता येत नाही. झोपताना टायमर लावा. आणि विचार बुडवायला आवाज वाढवत नेलात, तर कानही जातील आणि विचारही राहतील.

दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, अशा वेळी गाण्यांच्या याद्या बदलत बसू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. लगेच फोन करा.

राहिली एकट्याने ऐकत बसण्याची सवय. ती मला सुटता सुटत नव्हती. एका सोमवारी देवळात भजन चालू होतं आणि मी राजांगणात खांबाला टेकून कानात वायरी घालून बसले होते. आईने त्या ओढून काढल्या, हातात टाळ दिले आणि म्हणाली, "ऐकलंस ते पुरे झालं, आता गा." माझा ताल दोनदा चुकला. शेजारच्या काकींनी कोपराने ढोसलं.