गावातला गेमिंग पीसी: आधी लाइन पाहा, मग ग्राफिक कार्ड

यूट्यूबवरच्या ‘पन्नास हजारांत गेमिंग पीसी’ छापाच्या याद्या बहुधा एसीच्या खोलीत, न हलणाऱ्या विजेवर चालणाऱ्या मशीनसाठी केलेल्या असतात. तीच यादी विदर्भातल्या आर्णी, सिंदेवाही किंवा तेल्हाऱ्याकडच्या गावात जशीच्या तशी आणली तर पहिला बळी एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा जातो आणि जाताना तो मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो. म्हणून इकडची यादी उलट्या टोकाने करायची. आधी वीज, मग ऊन, आणि उरलेल्या पैशांत फ्रेमरेट, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या.

लाइन

साधा मल्टीमीटर घ्या आणि तीन-चार दिवस संध्याकाळी सात ते दहाच्या मधे सॉकेटचा व्होल्टेज लिहून ठेवा. गावठाणाची आणि शेताची लाइन एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असेल तर रब्बीत, हरभरा-गव्हाला पाणी सुरू झालं की २३० चा आकडा १७०-१८० वर येऊ शकतो. अशा वेळी स्वस्त एसएमपीएस बंद पडतो किंवा गेम चालू असताना मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. लोक दोष विंडोजला देतात.

एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट ‘१००-२४० व्होल्ट’ असं लिहिलेलं पाहूनच घ्या. ‘२००-२४०’ किंवा नुसतं ‘२३०’ असेल तर तो इकडे टिकायचा नाही. दुसरा आकडा १२ व्होल्टच्या रकान्यातल्या अँपिअरचा. त्याला १२ ने गुणा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर बाहेर ५०० वॅट छापलेलं असतं आणि आत १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे फक्त १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड चालतात ते या १२ व्होल्टवरच. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसला हा आकडा ३५ अँपिअरच्या आसपास असतो. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का असलेला) ४५० किंवा ५५० वॅटचा घ्या. आरजीबीचे, म्हणजे रंगीत दिव्यांचे पंखे सोडा, पण इथे हात आखडू नका.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. खाली सांगितलेलं मशीन गेम खेळताना मॉनिटरसकट २५० वॅटच्या आसपास घेतं, त्यामुळे तो पुरतो, पण काही मिनिटंच. गेम सेव्ह करायचा आणि बंद करायचं, एवढंच त्याचं काम. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरही चालेल, मात्र मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं, नाहीतर लाइन गेल्या क्षणी मशीन बंद पडेल. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर चांगल्या एसएमपीएसला झेपत नाही. कधी घूंऽ असा आवाज येतो, कधी मशीन चालूच होत नाही. त्यासाठी प्युअर साइन वेव्हच लागतो.

डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात ३०० च्या वर व्होल्टेज येतो आणि टीव्ही, फ्रीज, चार्जर एका दमात जातात. मीटरजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, म्हणजे ठरवलेल्या आकड्याच्या वर-खाली गेलं की तो लाइन तोडतो. आणि अर्थिंग! कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तीन पिनच्या सॉकेटमधली अर्थची तार बहुतेक कुठेच जोडलेली नाही. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजायला लावा. तो २-३ च्या आत हवा.

यूपीएस, प्रोटेक्टर आणि अर्थिंगसाठी शंभरातले दहा-बारा रुपये बाजूला काढा. मॉनिटर वगळून उरलेल्यातले चाळीसच्या आसपास ग्राफिक कार्डाला, तीसेक प्रोसेसर आणि मदरबोर्डला, बाकी रॅम, एसएसडी, कॅबिनेट आणि एसएमपीएसला. रुपयांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जगभर चढले, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओतली बेरीज आता जुळत नाही. घेण्याच्या आठवड्यातलाच भाव खरा.

तीन वाटा

सगळे पैसे हातात असतील तर इंटेल आय३-१२१०० प्रोसेसर, एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ८ जीबीचं आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड. १०८० पिक्सेलवर बहुतेक गेम यात नीट चालतात, आणि कार्ड सुमारे १३२ वॅटच घेतं. एच६१० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. डबा उघडण्याआधी त्यावरचं वाचा.

याच प्रोसेसरचा ‘एफ’ अक्षराचा भाऊ स्वस्त आहे आणि शहरातला माणूस तोच घेईल. ‘एफ’मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं. गावातून कार्ड वॉरंटीला नागपूर-मुंबईला गेलं तर परत यायला आठवडे लागतात आणि तोवर एफवालं मशीन नुसता डबा. साध्या १२१०० वर निदान अभ्यास, बिलं आणि हलके गेम चालू राहतात. फरकाचे पैसे त्यासाठीच द्यायचे.

अर्धेच पैसे असतील आणि बाकीचे कापूस विकल्यावर येणार असतील तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर. सहा कोअर आणि आत वेगा ग्राफिक्स. कार्डाशिवाय व्हॅलोरंट आरामात चालतो, जीटीए ५ सेटिंग खाली आणून. अट एकच: रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या. १६ ची एकच पट्टी लावली तर वेग चांगलाच पडतो, कारण आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्याने याच रॅमवर जगतं. बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड घ्या. जुना बी४५० स्वस्तात मिळत असेल तर दुकानातच बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून, स्क्रीनवर चित्र आलेलं पाहूनच घरी आणा. पुढे कार्ड घेताना आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. ते बोर्डाशी डेटाच्या चारच लेनवर बोलतं, ५६००जी त्या लेनचा जुना, हळू प्रकार पीसीआयई ३.० च देतो आणि मेमरीही ४ जीबीच, तेव्हा दोन्हीकडून मार बसतो. आरएक्स ६६०० मात्र चालेल.

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त, आणि तिच्याकडे कमी लोक पाहतात. कंपन्यांमधून निघालेला, आय५-८५०० चा रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून पुन्हा विकलेला) टॉवर घ्यायचा आणि त्यात आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी कार्ड बसवायचं. हे कार्ड ७० वॅटचं असून वेगळी पॉवर केबल मागत नाही, म्हणून टॉवरमधला मूळ एसएमपीएस पुरतो. ८ जीबीचं ३०५० वेगळं, त्याला केबल लागते. टॉवर पूर्ण उंचीचा हवा. पातळ डब्यात साधं कार्ड मावत नाही.

तालुक्याच्या बाजारात ‘आय५ गेमिंग पीसी, ४ जीबी ग्राफिक’ म्हणून जे विकतात ते पुष्कळदा २०१२ च्या तिसऱ्या पिढीचा आय५ आणि जीटी ७३० कार्ड असतं. त्या कार्डाची चिपच इतकी हळू की ४ जीबी मेमरी शोभेला. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘आय५’ ऐकून थांबू नका, पुढचे चार-पाच आकडे विचारा.

सेकंडहँड कार्ड घ्यायचंच तर विकणाऱ्याच्या मशीनवर जीपीयू-झेड या कार्ड ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये नाव तपासा आणि पंधरा मिनिटं फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी चालवा. आरएक्स ५८० च्या नावाखाली कमी ताकदीचं ‘२०४८एसपी’ सर्रास खपतं.

नागपूरच्या सीताबर्डीला जाऊन घ्या की ऑनलाइन, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर पक्क्या जीएसटी बिलावर हवा. कच्च्या बिलावर दुकानदाराची ‘मी आहे ना’ ही वॉरंटी असते.

जोडणी

चालू केल्यावर चित्र आलं नाही तर घाबरण्याआधी चार गोष्टी पाहा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावली आहे का? प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर केबल राहिली का? कार्डाची स्वतःची केबल? रॅम कट् आवाज येईपर्यंत बसली का? बोर्डावर चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच रेंगाळू शकते. मॉनिटर १०० हर्ट्झचा असला तरी विंडोज तो ६० वर चालवू शकतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बदला.

ऊन आणि धूळ

मे महिन्यात बाहेर ४५ असताना टिनाच्या खोलीत दुपारी गेम खेळूच नका. कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या, काचेचं नको. समोर आत ओढणारे दोन १२० मिमी पंखे, मागे बाहेर फेकणारा एक. कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओली हवा आणि खाऱ्या पाण्याचे तुषार बोर्डावर पांढरी पूड सोडतात. खोलीची एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर कुलर नुसता दमटपणा वाढवतो. गेममध्ये फ्रेमरेट ६० वर अडवला तरी कार्डाचं तापमान चांगलंच उतरतं.

सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करा. सायकलच्या पंपाने हवा मारली तरी चालते, फक्त पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने गरगर फिरला की बेअरिंग जातं.

आणि गेम डाउनलोड. जीटीए ५ शंभर जीबीच्या पुढे, मोबाइलचा पॅक दिवसाला दोन जीबी. तालुक्याला फायबर असलेल्या मित्राकडे गेम उतरवा, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या बॅकअपच्या सोयीने बाहेरच्या एसएसडीवर घ्या आणि घरी येऊन त्यातून रिस्टोअर करा. मग उरलेला लहानसा अपडेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही होतो.