रिवॉर्ड पॉइंट वापरण्याआधी त्यांचा भाव काढा

ट्रॅक्टर भरला की शेतकरी आधी लासलगावचा आणि पिंपळगावचा भाव विचारतो, त्यातून भाडं आणि हमाली वजा करतो आणि मगच कुठे वळायचं ते ठरवतो. क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांनाही हाच हिशेब लावावा. एकाच कार्डावरचा एकच पॉइंट एका ठिकाणी २० पैशांना जातो आणि दुसऱ्या ठिकाणी ५० पैशांना. बँकेच्या ॲपमध्ये मात्र हे सगळे पर्याय एकाच रांगेत, सारखेच आकर्षक दिसतात.

भाव काढायची रीत सोपी आहे. मिळणारी वस्तू किंवा सेवा तुम्ही स्वतःच्या पैशाने, जिथे स्वस्त मिळते तिथून घेतली असती तर किती रुपये लागले असते, ते लिहा. त्यातून बँकेचं शुल्क आणि वरून भरावी लागणारी रक्कम वजा करा. उरलेल्या रुपयांना पॉइंटांनी भागा. उत्तराला शंभराने गुणलं की पैसे येतील, तोच खरा भाव. बँकेने छापलेली ‘किंमत’ या हिशेबात धरू नका.

समजा बँकेच्या कॅटलॉगमधला मिक्सर १२,००० पॉइंटांना आहे आणि त्याची किंमत ३,००० रुपये लिहिली आहे. म्हणजे पॉइंटला २५ पैसे मिळाले असं वाटतं. तोच मिक्सर मेन रोडवरच्या दुकानात किंवा ऑनलाइन २,१०० रुपयांना मिळत असेल, तर तुम्हाला साडेसतरा पैसेच मिळाले. कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा छापील कमाल किरकोळ किंमत धरलेली असते आणि त्या किमतीला बाजारात सहसा कोणी विकत घेत नाही. म्हणून बॅगा, भांडी, इयरफोन असल्या वस्तू शेवटचा पर्याय म्हणून ठेवा.

कार्डागणिक फरक मोठा आहे. एचडीएफसीच्या रेगालिया गोल्डवर स्मार्टबायमधून, म्हणजे बँकेच्या बुकिंग पोर्टलवरून, विमान किंवा हॉटेल घेतलं तर पॉइंटला ५० पैसे धरले जातात, तेच पॉइंट बिलात वळते केले तर २० पैसे. एसबीआयच्या बऱ्याच कार्डांवर ४ पॉइंटांचा १ रुपया होतो. हे दर बँका बदलत राहतात, म्हणून वापरायच्या दिवशी आपल्या कार्डाचं पान पुन्हा उघडून बघा. मित्राचं कार्ड त्याच बँकेचं असलं तरी त्याचा दर तुम्हाला लागू असेलच असं नाही.

शुल्काकडे बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही. अनेक बँका पॉइंट वापरण्याच्या प्रत्येक विनंतीला ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. ही रक्कम पॉइंटांतून कापली जात नाही, पुढच्या बिलात येते, त्यामुळे पटकन ध्यानात येत नाही. २५ पैशांच्या दराने १,००० पॉइंट वापरले तर २५० रुपयांतले जवळजवळ निम्मे शुल्कातच गेले. १०,००० पॉइंट एकदम वापरले तर तेच शुल्क पाच टक्क्यांच्या आत येतं. चार व्हाउचर हवी असतील तर चार वेगळ्या विनंत्या करू नका, एकाच ऑर्डरमध्ये घ्या.

विमानाच्या तिकिटात भाव चांगला मिळतो, पण तिथेच फसगतही जास्त होते. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली किंवा हैदराबादचं तिकीट काढताना आधी विमान कंपनीच्या साइटवर तेच विमान, तीच तारीख, तेवढंच सामान असा दर बघा. समजा तिथे ६,५०० रुपये आहेत आणि बँकेच्या पोर्टलवर ७,१५०. तुम्ही १०,००० पॉइंट ५० पैशांनी लावले, ५,००० रुपये सुटले आणि वरचे २,१५० कार्डाने भरले. तुमची खरी बचत ६,५०० वजा २,१५०, म्हणजे ४,३५० रुपये. पॉइंटला साडेत्रेचाळीस पैसे पडले, वरून शुल्क लागलं तर ४२. तरीही बिलात वळते करण्यापेक्षा हे दुप्पट आहे. मात्र दोन्हीकडच्या किमतीतला फरक मोठा असेल तर हा फायदा झपाट्याने आटतो.

काही कार्डांवर तिकिटाच्या सुमारे ७० टक्के रक्कमच पॉइंटांनी भरता येते, म्हणून सगळं तिकीट फुकट निघेल असं धरून चालू नका. तिकीट रद्द झालं तर विमान कंपनीसोबत पोर्टलचंही शुल्क कापलं जाऊ शकतं, आणि परत येणाऱ्या पॉइंटांची मुदत संपली असेल तर ते हाती लागतीलच असं नाही. बेत पक्का नसेल तर पॉइंटांनी तिकीट काढू नये. मुंबईहून स्वस्त तिकीट दिसलं तर मुंबईपर्यंतचं टॅक्सीभाडं आणि टोलही हिशेबात धरा. नाशिककर नेमकं हेच विसरतात.

पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात, उदाहरणार्थ एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये, वळवता येत असतील तर आधी हव्या त्या तारखेला पॉइंटांवर मिळणारी सीट शिल्लक आहे का ते बघा आणि मगच वळवा. एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत, आणि जमा व्हायला कधी काही दिवस लागतात. दोन्ही खात्यांवरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. गर्दीच्या हंगामात मात्र हाच मार्ग सरस ठरू शकतो, कारण बँकेच्या पोर्टलवर ५० पैशांचा पॉइंट ५० पैशांचाच राहतो, तिकिटाचा दर दुप्पट झाला की पॉइंटही दुप्पट जातात. सिंहस्थात २ ऑगस्ट २०२७ च्या पहिल्या अमृतस्नानाच्या सुमारास नाशिकचं हॉटेल पोर्टलवरून पॉइंटांनी घेतलं तर पॉइंट वाचणार नाहीत, लवकर संपतील.

प्रवासच नसेल तर व्हाउचर घ्या, पण महिन्याला जिथे खर्च होतोच त्या दुकानाचं. किराणा आणि ऑनलाइन खरेदीचं व्हाउचर रोखीच्या जवळ जातं. दागिन्यांची व्हाउचर सोन्याच्या नाण्यांना चालत नाहीत अशी अट अनेकदा असते. एका बिलात किती व्हाउचर लावता येतात, मुदत सहा महिने की वर्ष, उरलेली रक्कम परत मिळते का, हे घेण्याआधी वाचा. कोड आणि पिन मेलवर येतात, त्यांचा स्क्रीनशॉट ठेवा.

बिलात वळते करणं सोपं, पण दर बहुधा सगळ्यात कमी. अनेक बँकांच्या नियमांत ही रक्कम बिलाचा भरणा म्हणून धरली जात नाही. म्हणून देय तारखेला पूर्ण बिल स्वतंत्र भरा. थकीत रकमेवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागलं की वर्षभराचे पॉइंट एका बिलात जातात.

मुदत कार्डानुसार दोन किंवा तीन वर्षांची असते, काही कार्डांवर नसतेही. पॉइंट ज्या महिन्यात मिळाले तिथून ती मोजली जाते, म्हणून दर महिन्याला थोडे थोडे बाद होऊ शकतात. बिलावर ‘मुदत संपणारे पॉइंट’ अशी ओळ असते, ती वाचा. कार्ड बंद करायचं असेल तर आधी पॉइंट वापरा: अर्ज दिल्यावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, आणि त्यासोबत उरलेले पॉइंटही बहुधा जातात.

‘तुमचे पॉइंट आज रात्री बाद होतील’ असा मेसेज आणि सोबत लिंक किंवा ॲपची फाइल आली तर ती उघडू नका. पॉइंट बघायला बँकेचं ॲप स्वतः उघडा किंवा पत्ता स्वतः टाइप करा; भारतीय बँकांच्या साइट आता ‘डॉट बँक डॉट इन’ वर आहेत. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, आणि तो टाकण्याआधी मेसेजमधली रक्कम व कशासाठी आहे ते वाचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवून कार्ड बंद करवा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.