दुसऱ्या गाडीची मॅगव्हील आपल्या गाडीला बसवण्याआधी

चार भोकं जुळली की चाक बसलं, एवढ्या हिशोबावर जुनी मॅगव्हील, म्हणजे अलॉय चाकं, सर्रास घेतली जातात. नाशकात नेहमी कानावर येणारी जोडी घ्या: होंडा सिटीची उतरवलेली मॅगव्हील मारुती स्विफ्टला. दोन्हींचा पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप) ४ बाय १००, म्हणजे चार भोकं आणि समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांत १०० मिलिमीटर अंतर. तरीही ही चाकं नुसती काढून घातली तर धोका आहे, म्हणून पैसे देण्याआधी व्हर्नियर (बारीक माप घेण्याची पट्टी), टॉर्च आणि गाडीची पुस्तिका घेऊन जा.

पीसीडी स्वतः मोजा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. फियाट पॅलिओचं चाक ४ बाय ९८ असतं आणि नुसत्या नजरेला ते जुळल्यासारखंच दिसतं.

मग मधलं भोक मोजा. सिटीच्या चाकाचं ५६.१ मिलिमीटर आणि स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला उंचवटा ५४.१. ही दोन मिलिमीटरची ढिलाई राहिली तर चाक हबवर मध्यात बसत नाही, आणि वेग वाढला की स्टेअरिंग थरथरतं. त्यासाठी ५६.१ ते ५४.१ ची रिंग लागते. तयार मिळाली नाही तर सातपूर-अंबडच्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची करून घ्या. प्लॅस्टिकचीही चालते म्हणतात, पण कसारा घाट उतरताना ब्रेक किती तापतात हे ज्याला माहीत आहे त्याने ॲल्युमिनियमचीच घ्यावी. उलट प्रकार, म्हणजे स्विफ्टचं चाक सिटीला, बसतच नाही, कारण भोक हबपेक्षा लहान. ते लेथवर मोठं करून देणारे भेटतील. माझं मत स्पष्ट आहे: नको.

सगळ्यात जास्त वेळ नटांना द्या, कारण गोची इथेच होते. स्विफ्टचे स्टड (हबवरचे बोल्ट, ज्यांवर नट चढतात) एम१२ बाय १.२५ आटे असलेले, म्हणजे १२ मिलिमीटर जाड आणि दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर, सिटीचे एम१२ बाय १.५. चाकांबरोबर मिळालेले सिटीचे नट हवेच्या गनने स्विफ्टवर चढवले तर आटे मरतात. म्हणून लोक स्विफ्टचे स्वतःचे नट वापरतात, आणि तेही चुकतं. होंडाच्या मूळ चाकात नट टेकण्याची जागा गोल, वाटीसारखी असते. मारुतीचा नट निमुळता, शंकूच्या आकाराचा. शंकू वाटीत ठेवला की तो एका बारीक कडेवर टेकतो. पाना लावताना घट्ट वाटतो, पण रस्त्यावर ती कड दबते आणि नट सैल पडतो. भोकात टॉर्च मारून बघा, बोट फिरवा, बाक हाताला लागतो. अशा चाकाला गोल बुडाचे, पण १.२५ आट्यांचे नट शोधावे लागतात. मिळत नसतील तर ती चाकं सोडून द्या. बाजारातली इतर मॅगव्हील बहुधा शंकूवाली असतात, तिथे ही अडचण येत नाही. नट हाताने किती फेरे जातो तेही मोजा: १.२५ आट्याला साधारण दहा फेरे हवेत, तेव्हाच १२ मिलिमीटर पकड मिळते.

चाकाच्या मागच्या बाजूला ईटी आणि त्यापुढे आकडा कोरलेला असतो; हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून किती मिलिमीटर दूर आहे ते तो सांगतो. आपल्या मूळ चाकापेक्षा तो दहाने कमी असेल तर चाकाचा मध्य दहा मिलिमीटर बाहेर सरकतो, बेअरिंगवर ताण येतो आणि मागे तीन माणसं बसली की टायर मडगार्डला घासू शकतो. चाक लावून आधी हाताने फिरवा, ब्रेकच्या कॅलिपरला लागतंय का पाहा. मग स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, शेवटी माणसं बसवून एखाद्या गतिरोधकावरून न्या.

टायरचा व्यास मूळ टायरच्या जवळ ठेवा. १८५/६५ आर१५ चा साधारण ६२१.५ मिलिमीटर आणि १९५/५५ आर१६ चा ६२०.९, म्हणजे स्पीडोमीटर तसाच राहतो. टायरवर मापानंतर लिहिलेला वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको: ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८२ म्हणजे ४७५. जुन्या टायरवर चार आकडी तारीख असते, ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. समृद्धीवर ताशी १२० ने जाणाऱ्याने हे बघायलाच हवं. चाकाला वाक किंवा वेल्डिंग दिसलं तर भाव न विचारता परत फिरा.

बसवताना हबवरचा गंज ब्रशने साफ करा, नट हाताने सुरू करा, समोरासमोर आवळा आणि शेवटचा ताण पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने (ताण मोजून आवळणाऱ्या पान्याने) द्या. स्टेपनी जुनीच लोखंडी राहणार असेल तर तिचे मूळ नट पिशवीत घालून डिकीत ठेवा, कारण पंक्चर झाल्यावर नवे गोल नट तिला चालणार नाहीत. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

मग त्र्यंबकला जाऊन या, साधारण ६० किलोमीटर होतात. चाकं गार झाली की टॉर्क पाना पुन्हा लावा. एखादा नट पुन्हा फिरला तर चाक उतरवून रिंग आणि नटाची बैठक तपासा, आणि तोवर गाडी घाटात नेऊ नका.